पत्रा, कापूस आणि तीन जावई: फेल्प्स-डॉज घराण्याचा अटलांटिक व्यापार

न्यूयॉर्कच्या ‘फेल्प्स, डॉज अँड कंपनी’ या पेढीचे नाव आज निघते ते बहुधा ॲरिझोनातील तांब्याच्या खाणींच्या संदर्भात. परंतु १८३४ साली ही पेढी उभी राहिली तेव्हापासून पुढची जवळजवळ पन्नास वर्षे तिचा मुख्य धंदा खाणीचा नव्हता. इंग्लंड आणि वेल्समधून कथील, लोखंड, तांबे, पितळ आणि सर्वांत जास्त प्रमाणात डब्याचा पत्रा आणून तो अमेरिकेत विकायचा, आणि त्याची किंमत चुकवण्यासाठी अमेरिकेतला कापूस इंग्लंडला पाठवायचा, असा तिचा व्यवहार होता. समुद्रापलीकडून उत्तर यायला दोन-अडीच महिने लागत, कायद्याचा हात परदेशात पोहोचत नसे आणि बँका आजच्यासारख्या मदतीला नसत, अशा काळात एका घराण्याने हा व्यापार कसा सांभाळला, हे समजून घेतले की एकोणिसाव्या शतकातील व्यापाराचे बरेचसे गूढ उकलते. या पेढीचे खरे भांडवल धातू नव्हते; समुद्राच्या दोन्ही काठांवर आपलाच माणूस बसलेला असणे हे तिचे भांडवल होते, असे माझे मत आहे, आणि पुढचे सारे विवेचन त्याच दिशेने जाणारे आहे.

घराण्याचा मूळ पुरुष ॲन्सन ग्रीन फेल्प्स हा १७८१ साली कनेटिकट राज्यातील सिम्सबरी येथे जन्मला. आईवडील लहानपणीच वारले आणि तो घोड्यांची खोगिरे बनवण्याचे काम शिकला. हार्टफर्डमध्ये त्याने या मालाचा धंदा जमवला आणि तो माल दक्षिणेकडील राज्यांत विकू लागला. तिथे मालाच्या बदल्यात हाती येणारी सर्वांत खात्रीची वस्तू म्हणजे कापूस, आणि कापसाला गिऱ्हाईक होते लिव्हरपूलमध्ये. पुढे तो न्यूयॉर्कला आला आणि एलिशा पेक या भागीदाराबरोबर त्याने ‘फेल्प्स अँड पेक’ ही पेढी चालवली. दोघांनी काम वाटून घेतले होते: फेल्प्स न्यूयॉर्कमध्ये विक्री पाही, पेक लिव्हरपूलमध्ये राहून खरेदी करी. खोगिरे शिवणारा माणूस धातूंकडे वळला यात नवल वाटण्यासारखे फारसे काही नाही, कारण कापूस इंग्लंडला गेल्यावर परतीच्या जहाजात भरून आणण्याजोगा, अमेरिकेत न बनणारा आणि हमखास खपणारा माल धातूचाच होता.

त्यातला डब्याचा पत्रा म्हणजे काय, हे थोडे सविस्तर पाहायला हवे. लोखंडाचा पातळ पत्रा हवेत आणि पाण्यात लगेच गंजतो. त्याच्यावर दोन्ही बाजूंनी कथिलाचा पातळ थर चढवला की तो गंजत नाही, सहज डाग देऊन जोडता येतो आणि अन्नपदार्थांनाही धोका पोहोचवत नाही. हे काम त्या काळी जगात सर्वांत चांगले होत असे ते दक्षिण वेल्समध्ये, लानेली, स्वॉन्झी आणि पाँटीपूलच्या पट्ट्यात. तापवलेली लोखंडी पट्टी रुळांतून दाबून लांबवायची, दुमडायची, पुन्हा तापवायची, पुन्हा दाबायची, असे करत करत एकावर एक चिकटलेल्या पत्र्यांची गड्डी तयार होई. ही गड्डी सोडवून एकेक पत्रा वेगळा करण्याचे काम बायका करत. मग पत्रे आम्लात बुडवून स्वच्छ केले जात, भट्टीत मऊ केले जात, थंड रुळांतून गुळगुळीत केले जात आणि पुन्हा आम्लात धुऊन वितळलेल्या कथिलाच्या कढईत सोडले जात. कथील लोखंडावर नीट पसरावे आणि हवेने खराब होऊ नये म्हणून या कामात पामतेल वापरत, आणि ते तेल पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून लिव्हरपूललाच उतरत असे. शेवटी मुली कोंड्याने आणि मेंढीच्या कातड्याने पत्रा घासून तेल काढत आणि तो चकचकीत करत. १४ बाय २० इंचांचे ११२ पत्रे लाकडी पेटीत भरले की एक ‘बॉक्स’ झाला. भाव बोलला जाई तो याच बॉक्सवर.

अमेरिकेला या पत्र्याची भूक प्रचंड होती. कनेटिकटचे फेरीवाले त्यापासून बनवलेली भांडी आणि कंदील गावोगाव विकत. घरांची छपरे, दुधाच्या बादल्या, मेणबत्तीचे साचे, सारे त्यातून होई. पुढे बाल्टिमोरचे कालव, कॅलिफोर्नियाची फळे आणि पॅसिफिक किनाऱ्याचे सामन मासे डब्यांत बंद होऊ लागले, आणि १८५९ साली पेनसिल्व्हेनियात तेलाची विहीर लागल्यानंतर रॉकेलही डब्यांत भरून जगभर जाऊ लागले. १८८०च्या दशकात मुंबई बंदरात उतरणारे अमेरिकन रॉकेल एका लाकडी पेटीत पाच-पाच गॅलनांचे दोन डबे, अशाच स्वरूपात येत असे. महाराष्ट्रातल्या घरांत पुढे कित्येक पिढ्या पाणी भरायला आणि धान्य ठेवायला वापरला गेलेला रॉकेलचा चौकोनी डबा हा त्या व्यापाराचाच अवशेष आहे. तो अमेरिकेतून येई, पण त्या दशकात त्याचा पत्रा वेल्समध्ये घडलेला असे. निर्यात होणाऱ्या डब्यांच्या पत्र्यावर आधी भरलेली जकात अमेरिकन सरकार जवळजवळ पूर्ण परत देत असल्यामुळे हे गणित परवडत होते.

आता पैशाचा भाग, जो या विषयातला सर्वांत अवघड समजला जातो. न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याकडे डॉलर असत, पण वेल्सच्या कारखानदाराला पौंड हवे असत. सोने-नाणे जहाजातून पाठवणे खर्चाचे आणि धोक्याचे होते. त्यावरचा उपाय म्हणजे बिल ऑफ एक्स्चेंज, म्हणजे आपल्या मारवाडी-गुजराती पेढ्या चालवत आलेल्या मुदती हुंडीसारखाच कागद: अमुक दिवसांनी, बहुधा साठ दिवसांनी, अमुक रक्कम हा कागद आणणाऱ्याला द्यावी, असा एका व्यापाऱ्याने दुसऱ्यावर काढलेला हुकूम. ज्याच्यावर तो काढला त्याने ‘मान्य’ असे लिहून सही केली की तो कागद बाजारात पैशासारखा फिरू लागे.

समजा, पेढीला पत्र्याचे एक हजार बॉक्स हवे आहेत आणि भाव बॉक्सला ३० शिलिंग आहे (एका पौंडाचे २० शिलिंग, म्हणजे २४० पेन्स). म्हणजे १,५०० पौंड लागणार. त्याच वेळी न्यू ऑर्लिअन्समधला पेढीचा माणूस कापसाच्या १५० गाठी विकत घेतो आणि लिव्हरपूलला रवाना करतो. गाठ ४०० पौंड वजनाची आणि लिव्हरपूलमध्ये भाव पौंडामागे सहा पेन्स मिळाला, तर प्रत्येक गाठीचे दहा स्टर्लिंग पौंड होतात आणि १५० गाठींचे बरोबर १,५०० पौंड. लिव्हरपूलची शाखा कापूस विकून त्याच पैशातून पत्र्याचे बिल चुकते करते. समुद्रावरून एकही नाणे जात नाही, जहाज दोन्ही बाजूंनी भरलेले जाते आणि पेढीला नफा दोनदा कमावण्याची संधी मिळते, एकदा कापसावर आणि एकदा पत्र्यावर.

पण या आकड्यांत काळ धरलेला नाही. कापूस घेतल्यापासून तो विकला जाईपर्यंत काही महिने जात. पत्रा न्यूयॉर्कला पोहोचून गोदामात पडे. पुढे तो अंतर्भागातल्या लहान दुकानदारांना विकला जाई तो सहा-आठ महिन्यांच्या उधारीवर, कारण त्या दुकानदारांचे शेतकरी गिऱ्हाईकही पीक आल्यावरच पैसे देई. म्हणजे वेल्सच्या कारखानदाराला आज पैसे द्यायचे आणि ओहायोच्या दुकानदाराकडून ते पुढच्या वर्षी वसूल करायचे. मधली दरी भरून काढते ती पेढीची पत. ज्या पेढीची सही लिव्हरपूलच्या बाजारात कोणी न कुरकुरता घेतो, तिला स्वस्तात मुदत मिळते. ज्या पेढीबद्दल कुजबुज सुरू झाली, तिचा कागद कोणी घेत नाही आणि ती आठवड्याभरात बुडू शकते. धातूचा व्यापारी खऱ्या अर्थाने वेळ विकत असे, आणि धातू हे त्याचे निमित्त होते, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

आता लिव्हरपूलच्या कार्यालयातला माणूस किती महत्त्वाचा होता हे लक्षात येईल. शिडाच्या टपाल जहाजांची नियमित फेरी १८१८ पासून सुरू झाली होती. न्यूयॉर्कहून लिव्हरपूलला जायला वाऱ्याच्या अनुकूलतेने साधारण साडेतीन आठवडे लागत, आणि उलट दिशेने पाच-सहा आठवडे. न्यूयॉर्कहून ‘पत्रा घ्या’ असे लिहिलेले पत्र पोहोचेपर्यंत भाव बदललेला असे. कापूस आज विकावा की थांबावे, कोणत्या कारखान्याचा पत्रा खरोखर चांगला आहे, कोणाच्या हुंडीवर मान्यतेची सही करावी, हे सगळे निर्णय तिथल्या माणसाने स्वतःच्या अकलेने घ्यायचे आणि त्याची जबाबदारी मात्र सगळ्या भागीदारांनी उचलायची. त्या काळच्या भागीदारीत मर्यादित जबाबदारी नव्हती. एका भागीदाराने केलेल्या सहीने दुसऱ्याचे घरदारही पणाला लागे. असा अधिकार परक्या नोकराच्या हाती कोण देईल?

फेल्प्सने तो जावयांच्या हाती दिला. त्याची मुलगी मेलिसा हिचे लग्न १८२८ साली हार्टफर्डमध्ये जन्मलेल्या विल्यम अर्ल डॉज या तरुण कापड व्यापाऱ्याशी झाले. दुसरी मुलगी एलिझाबेथ हिचे लग्न डॅनियल जेम्स याच्याशी झाले आणि १८३१ साली हे जोडपे लिव्हरपूलला गेले. ॲन्सन फेल्प्सचा हा जावई पुढे आयुष्यभर तिथेच राहिला आणि १८७६ साली मरण पावला तोवर इंग्लंडच्या बाजूची सूत्रे त्याच्याकडे होती. तिसरी मुलगी कॅरोलाइन. तिच्या बाबतीतली घटना या घराण्यावरचा मोठा आघात होती. ४ मे १८३२ रोजी न्यूयॉर्कमधल्या क्लिफ आणि फुल्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरची पेढीची नवी, सहा मजली गोदामाची इमारत कोसळली आणि तिच्याखाली पेढीतली माणसे चिरडून मेली. त्यांत जोसाया स्टोक्स होता, ज्याच्याशी कॅरोलाइनचे लग्न ठरले होते. काही वर्षांनी तिने जोसायाचाच भाऊ जेम्स स्टोक्स याच्याशी लग्न केले आणि तोही पुढे पेढीचा भागीदार झाला.

गोदाम पडल्यानंतर दोन वर्षांत पेक वेगळा झाला आणि हडसन नदीकाठच्या हॅव्हरस्ट्रॉचा लोखंडाचा कारखाना त्याने घेतला. व्यापाराची बाजू फेल्प्सकडे राहिली. न्यूयॉर्कमध्ये ‘फेल्प्स, डॉज अँड कंपनी’ आणि लिव्हरपूलमध्ये ‘फेल्प्स, जेम्स अँड कंपनी’ अशा दोन नावांनी ती चालू लागली. वेगवेगळ्या देशांत वेगळी नावे असली तरी मालकी एकाच घरातली होती. एक जावई विकणारा, एक जावई विकत घेणारा आणि सासरा दोघांच्या वर, अशी ही रचना आज घरगुती वाटेल. पण करार मोडल्यावर अटलांटिकपलीकडे दावा लावणे जवळजवळ अशक्य असताना, नाते हीच सर्वांत पक्की हमी होती. साडूला फसवणारा माणूस केवळ भागीदारी गमावत नसे; त्याच्या बायकोचे माहेर तुटत असे आणि मुलांचा वारसा जात असे.

ही रचना ताणाखाली टिकते की नाही याची परीक्षा लवकरच झाली. १८३७ साली कापसाचे भाव कोसळले, बँक ऑफ इंग्लंडने पतपुरवठा आखडता घेतला आणि अमेरिकेशी व्यापार करणाऱ्या लंडनच्या मोठमोठ्या पेढ्या बंद पडल्या. दक्षिणेकडच्या कर्जदारांकडून पैसे येईनात आणि लिव्हरपूलमध्ये मान्य केलेल्या हुंड्यांची मुदत मात्र ठरल्या दिवशी भरतच होती. फेल्प्स-डॉजवरही मोठे संकट आले, पण पेढी बुडाली नाही.

नुसती आयात करून थांबणे फेल्प्सला पुरेसे वाटले नाही. आणलेले तांबे इथेच लाटून, त्यात जस्त मिसळून पितळ करून विकले तर नफा घरातच राहतो, हे त्याच्या ध्यानात आले होते. कनेटिकटमधल्या नॉगटक नदीच्या खोऱ्यात त्याने गिरण्या काढल्या. नदीच्या एका काठावर जमीनमालकाने भाव वाढवला तेव्हा त्याने दुसऱ्या काठावर जमीन घेतली, तिथे १८४४ च्या सुमारास तांब्याची गिरणी आणि गाव वसवले, आणि त्या गावाला स्वतःच्या नावावरून ‘ॲन्सोनिया’ असे नाव मिळाले. पितळाला गिऱ्हाईक हवे म्हणून घड्याळांची कंपनी निघाली, कारण स्वस्त अमेरिकन घड्याळाची चाके आणि पट्ट्या पितळेच्या पत्र्यातून ठोकून काढल्या जात. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत किंवा जुन्या बाजारात ज्या भिंतीवरच्या घड्याळाच्या तबकडीवर ‘ॲन्सोनिया’ हे नाव दिसते, ते याच वंशावळीतले आहे. धातूचा व्यापारी कारखानदार कसा बनतो, याचे हे अगदी नमुनेदार उदाहरण म्हणता येईल.

या भरभराटीची एक बाजू मात्र मोकळेपणाने सांगितली पाहिजे. ज्या कापसाने पत्र्याचे पौंड चुकते होत, तो गुलामगिरीत राबणाऱ्या माणसांनी वेचलेला होता. फेल्प्स आणि डॉज दोघेही अत्यंत धार्मिक होते, दारूविरोधी होते आणि दानशूर होते. फेल्प्स न्यूयॉर्कच्या कॉलनायझेशन सोसायटीचा आघाडीचा पुढारी होता. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत, लायबेरियात नेऊन वसवावे, असे ही संस्था मानी. डॉज १८६१ साली उत्तर-दक्षिण युद्ध टाळण्यासाठी वॉशिंग्टनला भरलेल्या शांतता परिषदेत प्रतिनिधी म्हणून गेला. या माणसांच्या श्रद्धेवर शंका घेण्याचे मला कारण दिसत नाही. पण गुलाम दूर पाठवले जावेत असे म्हणणे आणि त्यांनी पिकवलेल्या कापसावर हुंड्या काढणे, या दोन गोष्टी एकाच हिशेबवहीत सुखाने नांदत होत्या, हे सत्य त्यांच्या दानामुळे पुसले जात नाही. दान मात्र खरोखर मोठे होते. फेल्प्स १८५३ साली मरण पावला तेव्हा त्याच्या मृत्युपत्रातून ज्या संस्थांना मोठ्या रकमा मिळाल्या त्यांत अमेरिकन बोर्ड ही परदेशी मिशनांची संस्था होती. याच बोर्डाचे मराठी मिशन १८१३ पासून मुंबईत आणि १८३१ पासून अहमदनगरला काम करत होते, आणि १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक त्यानेच सुरू केले.

फेल्प्सनंतरच्या काळात पेढीच्या भवितव्यावर सर्वांत जास्त परिणाम कशाचा झाला असेल, तर जकातीचा. यातला पहिला प्रसंग तर एका स्वल्पविरामाचा आहे. युद्धकाळातल्या जकात कायद्यात पत्र्यासंबंधी जे कलम होते, त्याचा सरळ अर्थ लावला तर डब्याच्या पत्र्यावर पौंडामागे अडीच सेंट जकात बसायला हवी होती. १८६४ साली अर्थमंत्री विल्यम फेसेंडन यांनी निर्णय दिला की त्या वाक्यात स्वल्पविराम चुकीच्या जागी पडला आहे, आणि तो हलवून वाचल्यास वाढीव जकात फक्त जस्ताचा किंवा तत्सम दुसरा थर दिलेल्या पत्र्यालाच लागू होते. साध्या डब्याच्या पत्र्यावर किमतीच्या पंचवीस टक्केच जकात राहिली. एवढ्या हलक्या जकातीच्या आडोशाने अमेरिकेत पत्र्याचे कारखाने उभे राहणे अशक्य होते. पुढची पंचवीस वर्षे वेल्सचा पत्रा अमेरिकेवर राज्य करत राहिला आणि त्याच्या सर्वांत मोठ्या आयातदारांत फेल्प्स-डॉज होती.

दुसरा प्रसंग कडू होता. जकात किमतीवर टक्केवारीने लागते तेव्हा ‘किंमत’ म्हणजे कोणती, हा प्रश्न येतोच. समजा जानेवारीत २८ शिलिंगाने सौदा झाला आणि एप्रिलमध्ये माल जहाजावर चढला तेव्हा बाजारभाव ३२ शिलिंग होता. व्यापाऱ्याने प्रत्यक्षात २८ च दिले. पण कायद्याच्या दृष्टीने निर्यातीच्या वेळचा बाजारभाव धरायला हवा. उलट भाव उतरला, तर बिलातल्या रकमेपेक्षा कमी किंमत धरता येत नसे. म्हणजे दोन्ही बाजूंनी जास्तीची रक्कमच सरकारच्या हिशेबात येई. त्यातच असा नियम होता की बिलातली एखादी बाब जरी जाणूनबुजून कमी दाखवलेली आढळली, तरी पूर्ण बिलाचा माल जप्तीला पात्र ठरे. आणि जप्तीच्या किंवा दंडाच्या रकमेतला अर्धा भाग सरकारला, पाव भाग खबर देणाऱ्याला आणि उरलेला पाव भाग न्यूयॉर्क जकात कचेरीच्या तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांना वाटून मिळे.

या वाटणीच्या पद्धतीने काय होऊ शकते हे १८७३ साली दिसले. जकात खात्याच्या बी. जी. जेन नावाच्या विशेष अधिकाऱ्याने पेढीतल्या काढून टाकलेल्या कारकुनाकडून कागद मिळवले आणि डॉजला बोलावून बिलांतल्या तफावती दाखवल्या. पेढीच्या म्हणण्यानुसार सरकारचे प्रत्यक्ष नुकसान दोन हजार डॉलरच्याही आतले होते. कोर्टकचेरी आणि बदनामी टाळण्यासाठी डॉज आणि त्याच्या भागीदारांनी तडजोड म्हणून २,७१,०१७ डॉलर भरले. त्यात पाव वाटा जेनला गेला, आणि अधिकाऱ्यांच्या वाट्यातून सुमारे बावीस हजार डॉलर जकात कलेक्टर चेस्टर आर्थर यांना मिळाले, जे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. प्रकरण उघड झाल्यावर व्यापाऱ्यांत संताप उसळला आणि जून १८७४ मध्ये काँग्रेसने ही वाटणीची पद्धतच कायद्याने बंद केली. पेढी पूर्ण निर्दोष होती असे मी म्हणणार नाही. दोन प्रकारच्या किमती दाखवणारे कागद तिच्याकडे होते आणि ते हिशेब इतक्या अनुभवी व्यापाऱ्यांनी अधिक काळजीने ठेवायला हवे होते. पण ज्या अधिकाऱ्याचे उत्पन्न दंडाच्या आकड्यावर अवलंबून आहे, त्याच्याकडून न्यायाची अपेक्षा ठेवणे हीच त्या कायद्याची मूळ चूक होती. पुढे १८७५ साली पत्र्यावरची जकात किमतीऐवजी वजनावर, पौंडामागे १.१ सेंट अशी ठरली आणि या प्रकारच्या वादाचे मूळच संपले.

दरम्यान आणखी एक बदल शांतपणे घडत होता. १८६६ साली अटलांटिकच्या तळाशी टाकलेली तार कायमची चालू झाली आणि लिव्हरपूलचा सकाळचा भाव न्यूयॉर्कला त्याच दिवशी कळू लागला. लिव्हरपूलमधल्या जावयाच्या डोक्यातले ज्ञान, ज्याच्यावर सारा व्यापार उभा होता, ते आता तारेच्या शब्दांना मोजावे लागणाऱ्या पैशांत कोणालाही विकत मिळू लागले. मध्यस्थाचा नफा त्यामुळे आक्रसत जाणार, हे ओळखायला धूर्तपणा लागत नव्हता, पण त्यावर वेळीच पाऊल टाकायला नक्कीच लागत होता. डॉजचा मुलगा विल्यम आणि लिव्हरपूलमध्ये जन्मलेला जेम्सचा मुलगा डी. विलिस जेम्स या दोन आतेमामे नव्हे तर मावसभावांनी ते टाकले.

१८८१ साली त्यांनी जेम्स डग्लस या कॅनेडियन धातुतज्ज्ञाला ॲरिझोनात पाठवले. त्याच्या सल्ल्यावरून पेढीने मोरेन्सीच्या तांब्याच्या खाणीत पैसा घातला आणि बिस्बी येथे ‘ॲटलांटा’ नावाचा खाणपट्टा चाळीस हजार डॉलरना विकत घेतला. कामाचा मोबदला रोख घ्यावा की मालमत्तेत दहा टक्के हिस्सा, असे डग्लसला विचारले गेले तेव्हा त्याने हिस्सा मागितला. तीन वर्षे खोदूनही ॲटलांटात काही हाती लागेना. १८८४ साली धातू लागला, तोही अशा ठिकाणी की शेजारच्या ‘कॉपर क्वीन’ खाणीचा साठा आणि हा साठा जमिनीखाली एकमेकांत मिसळलेले होते. अमेरिकेच्या १८७२ च्या खाण कायद्यानुसार ज्याच्या जमिनीत शिरेचे वरचे टोक उघडे आहे, तो ती शीर खाली शेजाऱ्याच्या हद्दीतही खणत जाऊ शकतो. या नियमाने देशभर वर्षानुवर्षे चालणारे खटले उभे केले होते. बिस्बीत मात्र दोन्ही पक्षांनी शहाणपणा दाखवून १८८५ साली खाणी एकत्र केल्या आणि ‘कॉपर क्वीन कन्सॉलिडेटेड मायनिंग कंपनी’ बनवली. वेळही अचूक साधली होती: एडिसनचे पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाले होते आणि तांब्याच्या तारेला जगभर मागणी येऊ लागली होती.

पत्र्याच्या व्यापाराचा शेवट बाहेरून आला. १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्याने पत्र्यावर पौंडामागे २.२ सेंट जकात ठरवली आणि ती १ जुलै १८९१ पासून लागू झाली. वेल्सच्या निर्यातीपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक माल तोवर एकट्या अमेरिकेत जात होता. जकात लागू होण्यापूर्वी व्यापाऱ्यांनी गोदामे खच्चून भरून घेतली आणि त्यानंतर मागणी कोसळली. दक्षिण वेल्समधल्या गिरण्या बंद पडू लागल्या. ज्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या पत्रा लाटला होता ते कारागीर पेनसिल्व्हेनिया आणि इंडियानाच्या नव्या कारखान्यांत कामाला गेले, आणि काही वर्षांतच अमेरिका स्वतःचा पत्रा स्वतः बनवू लागली. फेल्प्स-डॉजला याचा फटका वेल्सच्या गावांइतका बसला नाही, कारण तिचे भांडवल दहा वर्षे आधीच ॲरिझोनाच्या डोंगरांत जाऊन बसले होते. लानेलीच्या मजुराला मात्र भांडवल हलवण्याची सोय नव्हती.

घराण्याच्या शाखा या काळात वेगळ्या होत गेल्या. स्टोक्स कुटुंब १८७०च्या दशकाच्या अखेरीस बाहेर पडले आणि बँकिंगकडे वळले. आईचेच नाव असलेल्या कॅरोलाइन फेल्प्स स्टोक्स या फेल्प्सच्या नातीच्या मृत्युपत्रातून १९११ साली उभा राहिलेला फेल्प्स-स्टोक्स निधी कृष्णवर्णीयांच्या आणि मूळ अमेरिकनांच्या शिक्षणासाठी खर्च होऊ लागला. जेम्सच्या काही मुलांनी इंग्लंडलाच घर मानले. डॉज घराण्याने बैरूतच्या सीरियन प्रोटेस्टंट कॉलेजला, म्हणजे आजच्या अमेरिकन युनिव्हर्सिटी ऑफ बैरूतला, पिढ्यान्‌पिढ्या साहाय्य केले. न्यूयॉर्कची पेढी मात्र १९०८ पर्यंत भागीदारीच राहिली. त्या वर्षी खाणी, रेल्वे आणि दुकाने एकत्र करून तिचे रूपांतर भागभांडवलाच्या कंपनीत झाले आणि अध्यक्षपदी जेम्स डग्लस आला. फेल्प्सच्या घराशी त्याचे रक्ताचेही नाते नव्हते आणि लग्नाचेही नव्हते.